कुरडयांना वळसा

मी निवांत जगण्यासाठी नोकरी सोडली आणि त्याच संध्याकाळी निवांतपणाचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं.

कतारमध्ये तेव्हा वर्ल्डकपची तयारी चालली होती. सगळा देश घाईत होता आणि त्या घाईचे तक्ते बनवणारा प्लॅनिंग इंजिनिअर मी होतो. (माझ्या तक्त्यातलं एकही काम वेळेत संपलं नाही, ही गोष्ट वेगळी.) ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली तेव्हा राजीनामा दिला. माझी बायको वसुधा इथल्या भारतीय शाळेत शिकवते. तिच्या व्हिसावर मी दोह्याशेजारच्या अल वक्रा गावातल्या आमच्या घरात ऐटीत राहू लागलो. पहिल्याच आठवड्यात मी मसाल्याचे डबे अकारविल्हे लावले आणि आमच्या मुक्ताकडे अंघोळीला झालेल्या विलंबाचा खुलासा मागितला.

"बाबा, प्लीज गो बॅक टू ऑफिस!" मुक्ता किंचाळली.

माझे जुने साहेबही फोन करकरून हेच म्हणत होते. शेवटी वसुधाने अट घातली.

"अहो, सासूबाई करायच्या तशा कुरडया करून दाखवा. भिजवण्यापासून वाळवण्यापर्यंत! घाई न करता, घराची साइट न करता. जमलं तर तुम्ही खरे सुटलात. नाहीतर साहेबांचा फोन उचलायचा."

मला परत जायचं नव्हतं. अगदी मनापासून नव्हतं! मी गहू भिजवले. गहू तीन दिवस भिजवावे लागतात हे मला तेव्हा कळलं. तीन दिवस! मी दर तासाला झाकण उघडून आत बघू लागलो.

"ते भिजतायत," वसुधा म्हणाली. "त्यांना प्रोग्रेस विचारू नका."

"नाही गं, साधारण किती टक्के..."

"झाकण ठेवा!"

अखेर गहू वाटून झाले, चीक शिजला. वसुधा शाळेत गेल्यावर मी घरामागच्या बोळात प्लॅस्टिक अंथरून सोऱ्याने कुरडया घातल्या. (गच्चीवर पाण्याच्या टाक्यांनी जागाच ठेवली नव्हती.) तोच एक मांजर आलं. त्याला हाकललं, तर एक लँडक्रूझर आली! माझा हात आपोआप माझ्या गाडीच्या डिकीकडे गेला. तिथे जुन्या नोकरीची इस्टेट होती. रस्त्यावर ठेवतात ते नारिंगी कोन, लाल-पांढरी पट्टी आणि बाण काढलेली एक पाटी. पाचच मिनिटांत कुरडयांभोवती पक्का बंदोबस्त झाला. त्या काळात दोह्याचे रस्ते रोज जागा बदलत, त्यामुळे कोन दिसला की माणसं निमूट वळत. लँडक्रूझरवाला तर "शुक्रन" म्हणत माझे आभार मानून वळला!

इतकं समाधान मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं. मी घरात जाऊन चक्क झोपलो. भर दिवसा!

खिडकीची तावदानं थरथरली तेव्हा जाग आली. बाहेर धावलो तर बोळात जेसीबी!

"अरे भाई, ये क्या कर रहे हो?"

"खुदाई," फोरमन म्हणाला. "पाइप डालना है."

"इधर किसने बोला?"

"ऑफिस ने बोला, जिधर कोन दिखे, उधर खोदो. कोन तो लगा है, साब!"

"और मेरी कुरडई?"

"वो सफेद जाली?" त्याने मातीच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "खलास."

इथे कुणीही शहाणा माणूस कपाळावर हात मारून घेतो. माझं लक्ष मात्र खड्ड्याच्या कडेकडे गेलं. माती ढासळत होती!

"खड्डे को आधार किधर है? परमिट दिखाओ! माती का ढीग इतना पास?"

मी घरात जाऊन हेल्मेट घालून आलो.

दुपारी वसुधाची गाडी माझ्याच पाटीवरच्या बाणाप्रमाणे वळसा घालून आली. मी शिट्टी फुंकत मध्यभागी उभा होतो. सहा माणसं माझ्या हुकमावर पळत होती. (त्यांनी मला कुणी साहेबच समजलं होतं आणि मी त्यांचा गैरसमज दूर केला नव्हता.)

"अहो, कुरडया कुठायत?"

"त्या नंतर बघू! आधी बघ, पाइप चुकीच्या बोळात चाललाय!"

बोलून झाल्यावर मला माझंच बोलणं ऐकू आलं. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पाय खड्ड्यापासून हलेनात. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. वसुधाने तो काढला, साहेबांचं नाव बघितलं आणि तो माझ्या कानाला लावला.

दुसऱ्या दिवशी मी कामावर रुजू झालो. इतक्या वर्षांच्या नोकरीत ठरलेल्या मुदतीच्या आधी संपवलेलं माझं एकच काम आहे: निवृत्ती!