पालथा कागद

आमच्या बोरीच्या डेअरीत दुधाची फॅट मोजायला बसायचे, त्यांना सगळे भाऊ म्हणत. फॅट चांगली लागली की ते आकडा मोठ्यानं सांगायचे. कमी लागली तर दुधाच्या कार्डावर गुपचूप लिहून कार्ड पालथं करून हातात द्यायचे. पण स्वतःच्या घरच्या दुधालाही त्यांनी कधी एक पॉइंट वाढवून लावला नाही.

एमबीएच्या प्रवेश परीक्षेत मला बासष्ट पर्सेंटाइल पडले. डेअरीच्या रांगेत सगळ्यांदेखत मी ब्याण्णव सांगितले.

आठवड्यानं निकालाचं पत्र आलं. आमच्या आळीचं टपाल डेअरीतच पडायचं. भाऊंनी नुसता कागद पालथा करून माझ्यापुढं सरकवला.

“पाकिटावर दूध सांडलं व्हतं, म्हणून कागद काढून वाळत घातला,” एवढंच म्हणाले. नजर फॅटच्या नळीवरून हलली नाही.

मागून कुणीतरी विचारलं, “निकालाचा कागद आला का? किती पडले म्हणालास?”

मी कागद तसाच पालथा उचलला.

“ब्याण्णव,” भाऊ मोठ्यानं म्हणाले आणि त्यांनी पुढची किटली ओढली.

दुसऱ्या दिवसापासून दूध घालायला मी बहिणीला पाठवू लागलो.