तीर्थातले थेंब

देवावर आपला विश्वास किती, हे मला त्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. आमची सात वर्षांची यमू जन्मापासून ओठांनी जांभळी. चार पावलं चालली की धापा टाकत उकिडवी बसे. ठाण्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "काळजाला जन्मतःच छिद्र आहे, ते बुजायचं नाही. रोज सकाळी हे पाच थेंब द्या, धाप कमी होईल. जास्त मात्र नको." औषधाला दारूचा वास होता. बायको म्हणाली, "माझ्या लेकीच्या तोंडात दारू जाणार नाही. तीर्थावर जगवीन तिला."

मी कचेरीतला कारकून. तोंडावर वाद घालण्यापेक्षा आडवाटेने काम काढायची सवय. पूजा माझ्याकडे होती. एका पळीत पाच थेंब यावेत अशा बेताने मी औषध गुपचूप तीर्थाच्या भांड्यातच टाकू लागलो. यमूला एक पळी देई, आम्ही दोघंही एकेक घेऊ, आणि उरलेलं तुळशीत ओतायला सांगून मी कचेरी गाठी. यमूला गुण आला. बायको तीर्थाचं कौतुक करी, मी मिशीत हसे.

पंधरा दिवसांनी पोर ओकू लागली, मलूल झाली. एकदा म्हणाली, तगरीची फुलं पिवळी दिसतात. "देवाचा पीतांबर दिसतो गं तुला!" म्हणून आईने हात जोडले. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू?

सोमवारी तळ्याकाठच्या महादेवाला गेलो. यमूने विचारलं, "आई, नैवेद्याचा दहीभात पिवळा का?" पायरीवर मिठागरातला एक म्हातारा दम खात बसला होता. तो वळला. "पोरीला कालजाचे थेंब देताव का? माना बी मीठ हलदीवानी दिसं. दाक्तरानं थेंब थांबवलं, तवा वाचलो."

"थेंब कसले? नुसतं तीर्थ देतो," बायको म्हणाली.

महादेवासमोर मला सगळं कबूल करावं लागलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, तुळशीत मी कुठे ओतत होते? गुण येतोय म्हणून उरलेलं सगळं तिलाच पाजत होते!"

यमूला खांद्यावर टाकून दवाखाना गाठला. नाडी फार संथ झाली होती. थेंब बंद केले. नवव्या दिवशी तिला तगर पांढरी दिसली, तेव्हा मी ओक्साबोक्शी रडलो. म्हाताऱ्याला शोधत मिठागरांवर हिंडलो, पण त्याचं नाव विचारायचंच राहिलं होतं.

देवावर भार टाकला म्हणत होतो आणि देवाच्याच भांड्यात चोरी करत होतो. छिद्र आहे तिथेच आहे, म्हणून थेंब पुन्हा सुरू करावे लागले. आता डॉक्टर सांगतील तेवढे थेंब बायको स्वतः मोजून देते. तीर्थ मी देतो. त्यात आता नुसतं पाणी आणि तुळस असते.