पेल्याला बांधलेला लाल टॅग

डिसेंबरचा पहिला रविवार, स्मृति नगर

खूप दिवस इथे काही लिहिलं नाही, माफ करा. ज्यांनी विचारलं त्यांना 'बिझी आहे' एवढंच सांगून मी सुटले... ते खरं नव्हतं.

परवा विलासला, माझ्या धाकट्या भावाला, घेऊन रायपूरला डॉक्टरांकडे गेले होते. गेल्या वर्षी त्याचं किडनी ट्रान्सप्लांट झालं. किडनी माझी. सगळं छान चाललं होतं, आणि या उन्हाळ्यात त्याच्या मानेत एक गाठ आली.

गाठीचा तुकडा तपासला. लिम्फ ग्रंथींतल्या पेशी नको तेवढ्या वाढत होत्या आणि त्यामागे एक विषाणू होता, ईबीव्ही नावाचा. हा म्हणे बहुतेकांना लहानपणीच लाळेतून मिळतो आणि जन्मभर अंगात गप्प पडून राहतो. पण परकी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी दाबावी लागते... तेव्हा तो जागा होऊ शकतो.

डॉक्टरांनी ती औषधं कमी केली. गाठ त्यानं विरेल, पण किडनीला धोका. म्हणजे एका बाजूला गाठ, दुसऱ्या बाजूला किडनी... आणि मध्ये माझा भाऊ.

त्याच दिवसांत मी नेटवर वाचलं, की हा विषाणू दात्याच्या अवयवातूनही येऊ शकतो. झालं! मी विलासकडे गेले तरी व्हरांड्यातच बसू लागले. मास्क लावून, पाणीही न पिता. हळूहळू जाणंच कमी झालं. मी याला काळजी म्हणत होते... पण त्याच्या मानेकडे मला बघवत नव्हतं, हेही तितकंच खरं.

परवा शेवटी विलाससमोरच डॉक्टरांना विचारलं... हे माझ्या किडनीतून गेलं का?

डॉक्टरबाईंनी शांतपणे ऑपरेशनच्या आधीचे रिपोर्ट काढले. विषाणूच्या खुणा दोघांच्याही रक्तात आधीपासून होत्या. मग त्यांनी समजावलं, की नाव एक असलं तरी हा विषाणू सगळीकडे सारखा नसतो. प्रदेशाप्रदेशात त्याच्या जनुकांत बारीक फरक असतात, एकाच माणसात दोन-तीन तऱ्हाही नांदू शकतात. कोणती तऱ्हा जास्त त्रास देते यावर अजून संशोधनच चाललंय.

"आमची टेस्ट विषाणू किती आहे ते सांगते, कुणाचा आहे ते नाही," त्या हिंदीत म्हणाल्या. "आणि कळलं तरी इलाज हाच राहील."

सुटका झाली असं नाही म्हणणार. माझ्याकडून गेला नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणू शकत नव्हत्या.

परतीच्या वाटेवर विलास खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ताई, तू याच्यासाठी बाहेर बसत होती? मले वाटलं, तू किडनी देऊन पस्तावून राहिली. का यानं दिलेली किडनीही सांभाळली नाही..."

इतके महिने मी एका अपराधात आणि हा दुसऱ्या... आणि दोघं फोनवर 'जेवलास का, जेवलीस का' करत होतो.

मग तोच हसला. "आन् कोनाचा विषाणू म्हनते तू? सेक्टर दोनमधी आपल्या दोघांचं काय वेगळं होतं?"

खरंच काय वेगळं होतं! विलासच्या बारशाला आलेला, त्याचं नाव कोरलेला स्टीलचा पेला माठावर असायचा. बाबा प्लांटमधून पहिली पाळी करून आले की त्यातून प्यायचे, मग आम्ही. सेक्टर दोनमधल्या आमच्या प्लांटच्या क्वार्टरच्या मागे बिहीचं झाड होतं... पेरूला इकडे बिहीच म्हणतात. आई आधी एक घास तोडून बघायची, गोड निघाली तर विलासला, त्याचा उष्टा तुकडा मला. बर्फाचा गोळा तर आम्ही आळीपाळीनं चोखायचो आणि शेवटच्या लाल घोटासाठी मारामारी करायचो.

आई-बाबा गेले, क्वार्टर दुसऱ्या कुणाच्या नावावर झालं. पण त्या अंगणातलं काहीतरी अजून दोघांच्याही रक्तात आहे... चांगलंही आणि हेही.

तो पेला आता विलासकडेच आहे. दुसऱ्या कुणी त्यातून पिऊ नये म्हणून त्यानं त्याला प्लांटमधला लाल टॅग बांधलाय. विलास तिथे मेंटेनन्सला आहे. बंद मशीनवर काम करणारा, दुसऱ्या कुणी ती चालू करू नये म्हणून, तसा टॅग लावतो, आणि ज्यानं लावला त्यानंच तो काढायचा, असा तिथला नियम.

विलासच्या घराशी गाडी थांबली. मी सवयीनं व्हरांड्यातल्या खुर्चीकडे वळले.

"ए बाई," मागून आवाज आला. "पेल्याले टॅग मी लावला. तुले कोनं लावला?"

मी आत गेले.

त्यानं बिही धुऊन, सोलून कापली. दोन बश्या, दोन वेगळे चमचे, डॉक्टरांनी सांगितलंय तसंच. माझी बशी पुढे सरकवून म्हणाला, "आधी तू खाऊन पाह्य... गोड हाय का."

होती. आईसारखी मान डोलावली, तेव्हा त्यानं आपला तुकडा उचलला.

गाठ थोडी लहान झालीये. किडनीचं काय, ते उद्याच्या रिपोर्टवर. देवानं मला भाऊ दिला आणि त्याच्या जिभेला एवढी धार दिली, दोन्हीसाठी आभार.

उद्या: विलासचा रिपोर्ट लॅबमधून आणायचा, आणि फोनवर न सांगता आत बसून वाचायचा.