गोदामातली पिवळी पावलं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, चहा तोंडात असताना नको. मागं हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या मावशीला असा ठसका लागला, की अर्धा तास पाठ चोळत बसले होते मी.

तर जळकोटजवळ हायवेला लागून डाळीचं एक गोदाम आहे, तिथं मी कामाला आहे. परदेशातली तूर मुंबईच्या बंदरात उतरते आणि कंटेनरनं आमच्याकडं येते. चाळीस फुटी लोखंडी डबा, आत छतापर्यंत पोती. तो रिकामा करायला अख्खा दिवस जायचा. का? तर कंटेनरच्या तोंडाशी एकच झुंबड. पाठीवर पोतं घेऊन निघालेला माणूस आणि मोकळा परतणारा माणूस समोरासमोर यायचे. मग ‘तू सरक’, ‘न्हाय, तू सरक’.

उपाय सोपा होता. जायची वाट वेगळी, यायची वेगळी. हे मी सिद्रामअप्पांना तीनदा सांगितलं. अप्पा म्हणजे हमालांचे मुकादम, साठी ओलांडलेले, कपाळावर भस्माचे पट्टे. तिन्ही वेळा ते म्हणाले, “बघू की, ताई.” आमच्याकडची वडीलमाणसं ‘बघू की’ म्हणाली, की समजायचं, आता कुणीही काहीही बघणार नाही.

शेवटी मी थेट मालकांकडं गेले. ते म्हणाले, एक दिवस देतो. सोमवारचा कंटेनर तीनच्या आत रिकामा झाला, तर माल उतरवायचं सगळं काम तुझ्याकडं. नाही झाला, तर परत गेटवर पावत्या फाडायला. गेटवर मी आठ महिने काढलेत. पत्र्याचं खोपटं आहे तिथं. मे महिन्यात आत बसून पापड भाजता येतात.

रविवारी गोदाम बंद होतं. मी पिवळ्या ऑइल पेंटचा डबा घेऊन गेले. आधी जमिनीवर बाण काढणार होते. मग वाटलं, या म्हाताऱ्यांना बाण कुठले कळायला? त्यापेक्षा पावलंच काढू. पावलावर पाऊल ठेवत चाला, संपलं. पुठ्ठ्याचा साचा कापला आणि डावीकडून गोदामात जाणारी, उजवीकडून परत बाहेर येणारी अशा दोन झकास रांगा उमटवल्या. स्वतःवर इतकी खूश झाले, की चार बाजूंनी फोटो काढले.

सोमवारी हमालांची टोळी आली. पावलं बघून सगळे दारातच थबकले. काहीतरी कुजबुजले. मग एकानं चपला काढल्या. मग सगळ्यांनीच काढल्या. मला वाटलं, रंग खराब होऊ नये म्हणून! मन भरून आलं हो माझं.

आणि काम सुरू झालं. पण एक माणूस पावलांवर पाय ठेवेल तर शपथ. दोन्ही रांगांच्या मधे जेमतेम हातभर जागा होती, सगळे तिथूनच. पाठीवर पन्नास किलोचं पोतं आणि चाल खेकड्याची. आधी निदान दारात अडायचे, आता वाटभर अडायला लागले. अकरा वाजले तरी कंटेनरचा पाव भागही हलला नव्हता.

माझ्या लक्षात आलं. हा बहिष्कार आहे. मी तरातरा अप्पांकडं गेले आणि सांगितलं, तुमच्या माणसांना पावलांवरून चालायला लावा.

“ते जमायचं न्हाय, ताई.”

“का?”

“पाप लागतं.”

झालं. नवीन पद्धत आली की यांना पाप लागतं! मी सुरूच झाले. तुमच्या पिढीनं काही बदलूच दिलं नाही इथपासून ते याच विचारांमुळं आपला जिल्हा मागं राहिला इथपर्यंत सगळं बोलून घेतलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी बूट घालून त्या पावलांवर उभी राहिले आणि दाणदाण पाय आपटत चालून दाखवलं.

“हे बघा. असं चालायचं. लागलं का मला पाप?”

एकाच्या पाठीवरचं पोतं धाडकन खाली आलं. अप्पांनी दोन्ही कान धरले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, “ताई, महालक्ष्म्या चार दिवसांवर आल्या. तुमी गोदामात लक्ष्मीची पावलं काढली, आमाला लई बरं वाटलं. आमी चपला काढल्या. आन् आता तुमीच बूट घालून तिच्यावर नाचायलाव.”

मी खाली बघितलं. पहिल्या पावलावर हळदकुंकू होतं. वर झेंडूचं फूल. माझा एक पाय हवेत होता आणि तो टेकवायचा कुठं, हेच कळेना.

नेमके तेवढ्यात मालक आले. डावी रांग बघून त्यांनी हात जोडले. मग उजव्या रांगेकडं नजर गेली. बोटं सगळी गेटकडं.

“ही बाहेर कशी काय निघाली?” मालकांना घाम फुटला होता. “माझ्या गोदामातनं लक्ष्मी बाहेर काढली कुणी?”

पुढचा तासभर मी गुडघ्यांवर बसून, रॉकेलनं लक्ष्मीचं जाणं पुसत होते. तोवर अप्पांनी चुना कालवला. डावीकडच्या पावलांना धक्का न लावता बाजूनं पट्टा ओढला, उजवीकडं परतीचा पट्टा, आणि दोन्हींवर बाण काढले. मी खालूनच विचारलं, बाण कळतील का सगळ्यांना? अप्पा म्हणाले, एसटी स्टँडवर काय पावलं असतात व्हय?

बारानंतर टोळी जी सुटली, ती एकदाही अडली नाही. तरी कंटेनर रिकामा व्हायला सव्वाचार वाजले. मालकांनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडं. मी मनातल्या मनात पावतीपुस्तक उघडलं.

“मालक, खरं काम बाराला लागलं,” अप्पा मधे पडले. “वाट ताईंचीच हाय, आन् बरोबर हाय. पावलं तेवढी चुकली.”

मालकांनी डाव्या रांगेला परत हात जोडले. मग म्हणाले, गेटसाठी दुसरा माणूस बघतो.

ते गेल्यावर मला राहवेना. ज्यांना सकाळी मागासलेले म्हणाले, त्यांनीच मला वाचवलं होतं. म्हटलं, निदान खरं तरी सांगावं. अप्पांजवळ जाऊन सांगून टाकलं, की सकाळी तुम्ही हळदकुंकू वाहून पाया पडलात ना, ती पावलं लक्ष्मीची नव्हती. पुठ्ठ्यावर माझाच पाय ठेवून साचा कापला होता.

अप्पा तंबाखू मळत होते. अंगठा थांबला. त्यांनी सावकाश माझ्या बुटांकडं बघितलं.

“तरीच पावलं उलटी पडली.”