तिथं आपला माणूस हाय

शिपाई म्हणून भरती झालेली मी, खात्याच्या परीक्षा देत देत फौजदार झाले होते. लातुरात तेव्हा क्लासच्या पाट्यांनी भिंती झाकल्या होत्या. इथे डॉक्टरकीला नंबर लागला नाही की पोरं परदेशी निघायची.

एका सकाळी डाळमिलचे एक मुकादम बायकोला घेऊन ठाण्यात आले. लेक परदेशात डॉक्टरकी शिकत होती त्या शहरात भूकंप झालेला, आणि तिचा फोन लागत नव्हता. त्र्याण्णवपासून आमच्याकडे 'भूकंप' हा शब्द कुणी मोठ्याने बोलत नाही. त्यांनीही हळूच सांगितला. लेकीचा तिथला पत्ता विचारला तर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग मुकादम म्हणाले,

"तिला धाडणाऱ्या एजंटाला ठाव हाय सगळं. त्यानं सांगितलंय, तिथं आपला माणूस हाय, मॅडम."

ठाणे अंमलदार मिसिंग लिहायला बसला आणि विचारतो, "मॅडम, हद्द कुठली टाकू?" त्याचं तरी काय चुकलं म्हणा. वरिष्ठांमार्फत भारतीय दूतावासाला कळवलं, तर तिकडूनही पहिला प्रश्न तोच: मुलगी राहते कुठे?

दुपारी एका ऑटोवाल्याने खबर दिली, एजंट कार्यालयाला कुलूप घालून स्टँडकडे गेला. हैदराबादच्या गाडीतून त्याला उतरवून आणला. मी हात उगारला नाही. चहा दिला आणि म्हटलं, तुझ्या त्या माणसाला फोन लाव, आम्हालाही ऐकू दे. बराच वेळ आढेवेढे घेतले. खोटं बोलणारा माणूस चहा गार होऊ देतो, हे मी नोकरीभर पाहिलंय.

शेवटी लावला. पलीकडे बँड वाजत होता. 'आपला माणूस' परदेशात नव्हताच, इथे शेजारच्या जिल्ह्यात, बिलोलीत मेहुण्याच्या लग्नात होता!

मुकादमांची लेक आणि तिच्यासोबत पाठवलेल्या पोरींचे पासपोर्ट कुठायत, त्याला विचारलं. म्हणाला, "तिकडं माझ्या खोलीत, कुलपात. हरवू नयेत म्हणून."

पोरी राहत होत्या त्या इमारतीचा पत्ता मात्र त्याने दिला. तो दूतावासाला कळवला. संध्याकाळी दूतावासाच्या माणसाच्या फोनवरून ठाण्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, मी बाहेर हाय. फोन आतच राहिला."

मुकादमांनी आपल्या भूकंपात सख्ख्या भावाला दगडांखालून काढलं होतं. 'बाहेर' ऐकलं आणि ते फरशीवरच बसले.

पासपोर्ट हाती नव्हते म्हणून दूतावासाने सोय केलेलं त्या पोरींचं परतीचं विमान मात्र गेलं. उघड्या मैदानात, थंडीत राहिल्या बिचाऱ्या.

चोरांनी मला एवढं थकवलं नाही, जेवढं या भरवशानं. शेजारणीकडे डोरलं ठेवताना दहादा विचार करणारी माणसं न पाहिलेल्या माणसावर लेक सोपवतात. पासपोर्ट लेकराच्या स्वतःच्या ताब्यात असावा, राहायचा पत्ता घरी असावा, दूतावासात नाव नोंदवलेलं असावं आणि आपला फोन गेला तर कुणाच्या फोनवरून कळवायचं हे आधी ठरलेलं असावं. यात अवघड ते काय?

पुढच्या वर्षी मुकादम पेढे घेऊन आले. धाकटा मुलगाही परदेशी शिकायला निघाला होता. कुणामार्फत, विचारलं. तोच एजंट.

"अहो, त्याच्यावर तर आपणच गुन्हा दाखल केलाय."

"म्हणून तर, मॅडम," ते म्हणाले, "आता तो वळखीचा झालाय."