तिसऱ्या पानावरची तक्रार

अंबरपेठेत एका कचेरीसमोर मी बावीस वर्षे अर्ज लिहीत आलो आहे. शिक्षण सातवीपर्यंतच झाले. तथापि माझा मसुदा हाती घेताच अधिकारी सावरून बसतात, हे मी स्वतः पाहिले आहे. बोललेले वाऱ्यावर जाते, लिहिलेले उरते, असे मी अशिलांना सांगत असे.

माझा धाकटा भाऊ शहराबाहेरच्या एका लहान कारखान्यात कामाला होता. कागदासाठी लाकडाचा लगदा शिजवला की जो अर्क उरतो, तो तेथे आणत आणि आम्ल घालून वाफेच्या दाबाखाली बंद टाकीत पुन्हा उकळत. त्यातून लाकडाची साखर निघे आणि औषधांना लागणारे एक द्रव्यही. भावाच्या कपड्यांना भाजलेल्या बदामांसारखा वास येई. एके संध्याकाळी तो मनगटावर फोड घेऊन आला.

"दादा, टाकीची झडप गळतेय. साहेब ऐकत नाही. एक ओळ लिहून दे."

"एका ओळीचा अर्ज असतो होय?"

"मग तू पोथी लिही. मला तोवर मलम दे."

मी तीन पाने लिहिली. रिवाजाप्रमाणे प्रथम साहेबांचा गौरव, मग आमच्या घराण्याची सचोटी, आणि तक्रार तिसऱ्या पानावर, अदबीने. दुसऱ्या सकाळी अर्ज घेऊन मी स्वतः कारखान्यात गेलो.

साहेबांनी पहिले पान वाचले. "क्या लिखे साब! फ्रेम कर को लटकाना पड़ता," ते हसले आणि अर्ज खणात ठेवला.

तेवढ्यात खिडकीतून मला भाऊ दिसला. तो टाकीच्या शिडीवर चढत होता. वर झडपेपाशी पांढरी वाफ फुसफुसत होती. "उपरोक्त विषयी..." एवढेच तोंडून निघाले. साहेब चहा ओतत होते. भाऊ आणखी दोन पायऱ्या चढला. तेव्हा मी आयुष्यात प्रथमच एखाद्या साहेबासमोर ओरडलो.

"साब, वाल्व फट रा! स्टीम बंद करो! मेरा भाई उप्पर है!"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिले आणि फोनवर झडप घातली. वाफ थांबेपर्यंत किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. मी खिडकीचे गज धरून केवळ त्याच्या पायांकडे पाहत होतो. एक पायरी खाली. थांबला. मग दुसरी. जमिनीवर उतरून त्याने माझ्याकडे हात हलवला. मला हलवता आला नाही. गजांवरची माझी बोटे शिपायाने एकेक करून सोडवली.