बत्तिसावी गुंज

माझं माहेर भुईगावचं. समुद्र जवळ, त्यामुळे लहानपणी आमचे दागिने वाळूतच मिळायचे. भोक पडलेल्या शिंपल्या वेचायच्या, ओवायच्या आणि गळ्यात घालायच्या. पुढे मी करवंटीचा तुकडा दगडावर पाण्याने घासून केसांचा चाप करायला शिकले. दोन बाजूंना दोन भोकं, त्यातून बांबूची काडी, की अंबाडा दिवसभर हलत नसे. चौथीनंतर शाळा सुटली, पण हा नाद सुटला नाही.

लग्न होऊन गिरीजला आले तेव्हाही हात गप्प बसत नसत. तोंड मात्र गप्प असे. सासरची माणसं वाईट नव्हती, पण कुणाकडे काही मागायचं म्हटलं की मी उठून वाडीत निघून जायचे. सासूबाई चेष्टेने म्हणायच्या, आमची सून घरात आहे की वाडीत हे फक्त मांजराला ठाऊक असतं.

त्या वर्षी होळीच्या सुमाराला मोठ्या नणंदबाई माहेरपणाला आल्या. त्यांची मुलगी दीड-दोन वर्षांची होती. ती पोर पहिल्या दिवसापासून माझ्या मागे लागली. मी बोलत नाही याचं तिला काही वाटत नसे, ती माझे हात बघत बसायची. मी तिच्या चार केसांना करवंटीचा चिमुकला चाप करून लावला, तेव्हा ती दिवसभर डोक्याला हात लावून हिंडली.

वाडीच्या कुंपणावर गुंजेचा वेल होता. शेंगा फुटून लाल दाणे दिसत होते, प्रत्येकाला एक काळा ठिपका. सोनार पूर्वी जिने सोनं तोलायचे तीच ही गुंज. मी बत्तीस दाणे काढले, दोन दिवस पाण्यात भिजवले आणि दाभणाने एकेकाला भोक पाडलं. दोरा सासूबाईंच्या डब्यात होता. तो मागायचं धाडस झालं नाही. आम्ही वाडीची माणसं फुलं केळीच्या सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, दोऱ्यात ओवतो. सोपट ओलं करायचं, त्याचा बारीक पदर काढायचा, की झाला दोरा. मी त्यातच गुंजा ओवल्या. फुलांची माळ एका दिवसात सुकते, मग दोऱ्याचं कुणी बघत नाही. गुंजा सुकत नाहीत, सोपट सुकतं, हे मला सुचलं नाही.

पोरीच्या गळ्यात माळ बघून नणंदबाई हसल्या. मामीने सोनाराचं दुकान उघडलं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळचं काम उरकून मी अंगणात आले, तर पोर धुण्याच्या धोंडीजवळ बसली होती. माळ तुटली होती. लाल दाणे सगळीकडे पसरले होते आणि तिच्या मुठीत तीन होते. मी मूठ उघडून ते काढून घेतले. तोंडात बोट घालून पाहिलं, काही नव्हतं. मग एकेक दाणा वेचून ओच्यात टाकला आणि मोजले. एकतीस. पुन्हा मोजले. एकतीस.

तेव्हा मला वडिलांचं बोलणं आठवलं. लहानपणी मी गुंजा वेचत असले की ते म्हणायचे, अख्खी गुंज पोटात गेली तर तशीच बाहेर पडते, फुटकी गेली तर आतलं विष सुटतं, मग बैलही उभा राहत नाही. या सगळ्या मीच फोडल्या होत्या. एक एक करून, दाभणाने.

मी हाक मारायला हवी होती. मारली नाही. मी शोधत राहिले. धोंडीखाली, पाटाच्या चिखलात, तुळशीच्या मुळाशी. सापडेल, मग कुणाला कळायचं कारण नाही, असं मनाशी म्हणत होते. पोर माझ्यामागे चालत होती आणि मी दर थोड्या वेळाने तिच्या तोंडाकडे बघत होते. तासभर तरी गेला असेल. एवढ्यात ती थोडी ओकली. नुसतं दूध होतं, पण मी तिला घेऊन रडतच घराकडे धावले.

ओटीवर सासूबाई विळीवर भाजी चिरत होत्या, नणंदबाई शेजारी बसल्या होत्या. मी दारात उभी राहिले.

"वन्सं, माळेतला एक दाणा सापडत नाही."

"म्हणून रडतेस होय ग? सोन्याचा होता की काय?"

"भोक पाडलेला आहे," मी म्हणाले. "तिने गिळला असेल."

सासूबाईंनी विळी आडवी केली. नणंदबाई उठल्या आणि पोरीला माझ्याजवळून उचलून घेतलं.

टांगा करून आम्ही वसईला डॉक्टरांकडे गेलो. किती वेळ झाला, असं त्यांनी विचारलं. नणंदबाई म्हणाल्या, आत्ताच. मी ते तसंच राहू दिलं असतं तर तेही कुणाला कळलं नसतं.

"आत्ताच नाही," मी म्हणाले. "तास होऊन गेला. मी सांगितलं नाही."

नणंदबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरले नाही. डॉक्टरांनी पोरीला औषध देऊन ओकायला लावलं. भात निघाला, दूध निघालं, गुंज निघाली नाही. ते म्हणाले, तीन दिवस लक्ष ठेवा. जुलाब झाले, रक्त दिसलं, तर इथे न थांबता मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्या.

ते तीन दिवस मी कशी जगले ते लिहिता येत नाही. पोरीला माझ्याजवळ येऊ देत नव्हते. तिची शी मात्र मी मागून घेतली, त्या घरात मी आपणहून मागितलेली ती पहिली गोष्ट. केरसुणीची काडी घेऊन परसात बसायचे आणि तपासायचे. रक्त नव्हतं. गुंजही नव्हती. पोर झोपली की वाटायचं, ही उठणार नाही. उठून हसली की वाटायचं, विष अजून चढायचं आहे. करवंटीचा चाप नणंदबाईंनी तिच्या केसांतून काढून कोनाड्यात ठेवला होता. मी तिकडे बघत नसे.

तिसरा दिवस गेला, चौथा गेला. पोर पोटभर जेवायला लागली. नणंदबाई सासरी परत गेल्या, जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत. पोरीला काही झालं नाही. पण दाणा गेला कुठे, हे मला कळलं नव्हतं, त्यामुळे नणंदेच्या गावाहून कुणी आलं की मी आत पळायचे. निरोप काय असेल याची भीती.

श्रावणात धोंडीच्या फटीतून एक रोप वर आलं. चिंचेसारखी बारीक पानं. मी ओळखलं, गुंजेचं होतं. कुंपणावरचा वेल बराच लांब होता, तरी पाखरांनी बी आणलं असेल, असंही म्हणता येईल. मी ते उपटलं नाही. नणंदबाई गणपतीला आल्या तेव्हा त्यांना धोंडीजवळ नेलं आणि फटीतलं रोप दाखवलं.

त्यांनी वाकून पानं निरखली. मग म्हणाल्या, "उपट ते. घरात पोरं आहेत."

मी मुळासकट उपटून चुलीत घातलं. बाहेर आले तर त्यांनी पोरीला पाटावर बसवलं होतं. कंगवा माझ्या हातात दिला.

"केस विंचर हिचे. नुसती रिबीन बांध, दुसरं काही नको."

मी रिबीन बांधली, दोनदा ओढून पाहिली, मग तिसऱ्यांदा. पोर खेळायला पळाली. संध्याकाळपर्यंत मी जिथे असेन तिथून तिच्या तोंडाकडे बघत होते.